धुराचं कपाट

"आधी ह्याचा खटका," नागनाथ म्हणाले. हातगाडीवरून उतरवलेला फ्रिज अजून धड भिंतीला टेकलाही नव्हता, तोच त्यांनी खिशातून पेचकस काढला.

ऋतिका ईश्वरीला कडेवर घेऊन पायरीवर उभी होती. ती काहीच बोलली नव्हती. पण त्या जुन्या फ्रिजचं लांबट, खटक्याचं हँडल तिनं हातगाडी गल्लीत वळली तेव्हाच पाहून ठेवलं होतं. असला फ्रिज बाहेरून ओढला की उघडतो आणि आतून कितीही ढकलला तरी उघडत नाही, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं, आणि वाचलेलं विसरायची तिला सवय नव्हती. पोर तीन वर्षांची. सारखी कशाच्या तरी आत शिरून बसायची. हे सासऱ्यांना कोणत्या शब्दांत सांगावं याची ती मनात जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात दोन स्क्रू फरशीवर टणटणले आणि हँडल खटक्यासकट त्यांच्या हातात आलं.

"फ्रिज भंगारात दिला तर खटका काढूनच दिला म्या. चाळीस वरसं," ते म्हणाले. "लेकरू बसतं बाई आत जाऊन."

मग दार बंद कसं राहणार, असं तिनं विचारलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधू, ते म्हणाले, आतून कोंबडीनं ढकललं तरी सुटंल अशी.

सासऱ्यांना ती इकडच्या रीतीप्रमाणे मामा म्हणे. घरात दोघांच्या स्वभावाचं एक बरं जुळायचं. हौदाच्या झाकणावर तिनं दगड ठेवला होता, तर मामांनी त्यावर दुसरा ठेवला होता. तिचा नवरा रविकांत साखर कारखान्यात फिटर. तो म्हणायचा, आमच्या घरात काळजी करायला दोन माणसं पगारी ठेवलीत, मला काम नाही.

हा फ्रिज घरात आला तो सरजाबाईंच्या एका टोमण्यामुळं.

सरजाबाई म्हणजे मामांच्या धाकट्या भावाची, सुग्रीवकाकांची बायको. दोघं गंगाखेडपासून दोन कोसांवरच्या गावात राहत आणि दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर ऊसतोडीला जात. दसऱ्याला सोनं द्यायला आले तेव्हा जेवताना जुनं निघालं. मामांची आई टोळी निघायच्या आधी बकऱ्याच्या मटणाच्या लांब पट्ट्या कापायची, मीठ-हळद चोळायची आणि दोरीवर ओवून चुलीच्या वर टांगायची. आठ-पंधरा दिवस खालून धूर. मटण काळं, कडक होऊन जाई, आणि मग ते उसाच्या फडावरच्या पाचटाच्या कोपीत संक्रांतीपर्यंत पुरे. भिजवायचं, दगडावर चेचायचं, वर भाकरी. आता सरजाबाईंच्याही घरी गॅस आलेला. चूल नाही म्हणून धूर नाही. मागच्या साली त्यांनी मटण गच्चीवर वाळत घातलं, तर अर्धं कावळ्यांनी नेलं आणि अर्ध्यावर अवकाळी पाऊस पडून त्याला किडे झाले.

थोरल्या दिराशी सरळ बोलायचं नाही, ही रीत सरजाबाईंनी तीस वर्षं पाळली होती. मामांना काही सांगायचं झालं की जवळ जो असेल त्याला सांगत, आणि कुणीच नसलं तर म्हशीला. त्या दिवशी मामा दोन हातांवर जेवत बसले होते, तरी त्या पदर सावरून ऋतिकाला म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, गार करायचं कपाट जलमभर दुरुस्त केलं. एक धुराचं कपाट कामून करत न्हाईत?"

सगळे हसले. मामा तेवढे हसले नाहीत. भाताचा घास हातात तसाच धरून ते थोडा वेळ थांबले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याकडं गेले.

ऋतिकाला मनातून बरं वाटलं. बसस्थानकाजवळचं मामांचं दुकान, 'धुरपदा रेफ्रिजरेशन', बंद होऊन चार वर्षं झाली होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेत सासूबाई, धुरपदाबाई, परभणीच्या दवाखान्यात वारल्या. मामाही त्याच दवाखान्यात दुसऱ्या खोलीत होते. ते घरी आले ते दुकानाकडं फिरकलेच नाहीत. ऋतिका तेव्हा या घरात येऊन वर्षच झालेलं. पुढं ईश्वरी झाली, आणि मामा दिवसभर तिच्यामागं असू लागले. पण पोरीला सांभाळणारा माणूस आणि पेचकस हातात असलेला माणूस, हे दोन वेगळे मामा होते. हा दुसरा तिनं फार थोडे दिवस पाहिला होता.

आणि बरं वाटायला आणखी एक कारण होतं. येत्या सोमवारपासून तिची नोकरी सुरू होणार होती. परभणीत माती तपासायची एक खासगी प्रयोगशाळा होती, तिथं. रसायनशास्त्रातली पदवी घेऊन ती पाच वर्षं घरात बसली होती. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं. रविकांतच्या पाळ्या बदलत्या. म्हणजे दिवसभर ईश्वरी मामांपाशी. तेव्हा मामांचे हात चालतात, डोकं चालतं, हे रोज अंगणात डोळ्यांनी दिसणं तिला हवंच होतं. ती भाजी निवडायचं निमित्त करून पायरीवर बसे आणि बघे.

मामांनी फ्रिज निवडूनच आणला होता. नव्या फ्रिजात आत सगळं प्लास्टिक, त्याला आच लागली की संपलं. ह्याचा आतला डबा पत्र्याचा, वर भट्टीत भाजलेला पांढरा मुलामा, आणि मध्ये काचेच्या कापसाचं अस्तर. त्यांनी मागचा कॉम्प्रेसर सोडवला. त्यातला गॅस कधीच उडून गेला होता. बर्फाचा कप्पा काढला, दिव्याची वायर ओढून घेतली, दाराच्या आतलं प्लास्टिक उचकटून तिथं पत्रा ठोकला. जाळीचे कप्पे तिनं विचारायच्या आधीच बाजूला फेकले.

"ह्या जाळीवर जस्ताचा मुलामा हाय. तापला की खाण्यात उतरतो. तुमच्या पुस्तकात असंल ते," ते म्हणाले.

"आहे," ती म्हणाली.

"मंग पुस्तक बरुबर हाय."

जाळ फ्रिजच्या पोटात नको, नाहीतर मटण भाजेल, धुरावर वाळणार नाही. म्हणून त्यांनी तेलाचा जुना डबा बाहेर दोन विटांवर ठेवला आणि तिथून चार फूट लोखंडी पाइप तळाशी आणला, वाटेत धूर निवावा म्हणून. वर भोक पाडून लहानसं धुराडं, त्याला झाकण. लाकूड बाभळीचं. कडुलिंबाचा तुकडाही चुकून नको, मटणात कडू उतरतं. आणि बाभळीबरोबर रसवंतीवरून आणलेली उसाची वाळकी चिपाडं. ईश्वरीला त्यांनी चिपाडं मोडायचं काम दिलं. ती एक चिपाड मोडे आणि दहा चोखून बघे.

शुक्रवारी ऋतिका कागदपत्रं द्यायला परभणीला गेली. रविकांत दुपारपाळीला. आज मटण न घालता रिकामं कपाट पेटवून बघतो, असं मामा म्हणाले होते. पोरीपासून दूर अशी ही तिची पहिली दुपार. तिनं दोनदा फोन केला. एकदा मामा म्हणाले, जेवली. दुसऱ्यांदा म्हणाले, निजली.

परतताना ती रिक्षातून गल्लीच्या तोंडाशी उतरली आणि तिथंच थांबली. हवेत जळक्या प्लास्टिकचा वास होता. कुणी कचरा पेटवला असेल म्हणून तिनं इकडंतिकडं बघितलं. कुठं काही जळत नव्हतं. घराकडं चालावं तसा वास दाट होत गेला. शेवटची वीस पावलं ती पळाली.

अंगणात कपाटाच्या धुराड्यातून आणि दाराच्या फटीतून काळपट धूर येत होता. त्याच्यापासून पाच हातांवर बाजेवर ईश्वरी झोपली होती, आणि वारं नेमकं तिकडंच होतं. बाजेच्या पायथ्याशी मामा बसले होते. तोंडावर असं समाधान, जसं दुकानात एखादा मेलेला फ्रिज घूंऽ करून सुरू झाला की असायचं.

"बघ, कसा धूर धरलाय," ते म्हणाले.

तिनं पोरीला उचललं आणि थेट मागच्या परसात नेलं. ईश्वरी खोकली, रडली, तोंड धुतल्यावर थांबली. ऋतिकानं तिच्या छातीला कान लावला. श्वास मोजले. पुन्हा मोजले. मग पोरीला परसातच बसवून ती अंगणात आली आणि म्हणाली, "मामा, प्लास्टिक जळायलंय."

मामांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा धुराकडं. "हां," ते म्हणाले, "जळलं असंल थोडं."

त्यांनी डब्यावर पाणी ओतलं. कपाट निवल्यावर ते वाकून मागं बघू लागले, आणि वाकलेलेच राहिले. बर्फ वितळल्यावर पाणी वाहून जायची एक बारीक नळी फ्रिजच्या तळाला मागच्या बाजूनं असते. ती प्लास्टिकची. ती राहून गेली होती. वितळून, काळी पडून, तिचा लोळा लोंबत होता.

"चाळीस वरसं हीच नळी साफ करत आलो," ते कपाटाला म्हणाल्यासारखं म्हणाले, "अन् हीच इसरलो."

विसरणं ऋतिकाला समजू शकत होतं. तिला न समजणारी गोष्ट दुसरी होती. माणूस विसरतो. पण मिनिटभरात नाकाला कळतं आणि माणूस उठतो. मामा तासभर त्या धुरात बसून होते.

चहा टाकताना तिला एकेक आठवायला लागलं. मागच्या उन्हाळ्यात दूध करपून पातेलं काळं झालं आणि मामा शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. तिला वाटलं होतं, तंद्री लागली असेल. त्यांच्याच बाजेखाली उंदीर मरून पडला होता दोन दिवस. ते रोज ईश्वरीला विचारायचे, सांग बरं, आज आईनं कशाची भाजी केली? आणि पोर नाक वर करून म्हणायची, मेथीची. तिला तो आजा-नातीचा खेळ वाटे.

खात्री करून घेतल्याशिवाय तिला राहवेना. दिवेलागणीला मामा बाजेवर बसून कपाटाच्या दाराला ट्यूबची पट्टी बसवत होते. तिनं खिडकीतली थिनरची बाटली घेतली, कापसाचा बोळा त्यात भिजवला आणि मागून जाऊन त्यांच्या खांद्यापाशी धरला. तिचे स्वतःचे डोळे चुरचुरले. मामा पट्टी ओढत राहिले.

थोड्या वेळानं मान न वळवता ते म्हणाले, "थिनर का?"

तिचा जीव भांड्यात पडला. "कळलं तुम्हाला?"

"बाटली जाग्यावर न्हाई," मामा म्हणाले. "बस इथं. काय इचारायचं ते सरळ इचार."

ती बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसली. बोळा हातातच होता.

"काहीच येत नाही?"

"काईच न्हाई. मीठ कळतं, तिखट कळतं, गोड कळतं. बाकी समदं लाकूड."

"कधीपासून?"

मामांनी पट्टी खाली ठेवली. "तुझी सासू गेली तवापासून. दवाखान्यातून घरी आलो, अन् तिची पेटी उघडली. तिच्या लुगड्यांना काईच वास न्हाई. मला वाटलं, कुणी धुऊन ठिवली. तुलाच इचारलं होतं म्या, लुगडी धुतलीस का म्हणून."

ऋतिकाला ते आठवलं. तिनं तेव्हा सांगितलं होतं, नाही मामा, मी हातही लावला नाही. आणि मामा पेटी बंद करून बाहेर गेले होते.

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"घरातलं माणूस गेलं होतं, बाई. रविकांत जेवत नव्हता. त्यात मी नाकाचं गाऱ्हाणं काय सांगू? म्हणलं, येईल माघारी. कुणाकुणाचा आला. माझा न्हाई आला."

"आणि नंतर?"

"नंतर ईश्वरी आली." त्यांनी परसाकडं पाहिलं. "सांगितलं असतं, तर तू तिला माझ्यापाशी सोडली असतीस का?"

खोटं बोलणं तिला सोपं होतं. "नसती सोडली," ती म्हणाली.

"मंग."

परसात ईश्वरी नळाखाली बादली बडवत होती. मामा म्हणाले, "रोज सकाळी मी शेगडीच्या नळीला साबण लावतो, ते तुला खूळ वाटतं. फरशी बुळबुळीत होती म्हणून तू बोलतीस. फ्रिजचा गॅस आमी तसाच धरायचो. फेसाला बुडबुडा आला की समजायचं, इथून गळायलंय. नाकाचं काम म्या साबणाला लावलंय. पण आजचं साबणात बसलं न्हाई. तू म्हणशील ते मला कबूल हाय."

राग येऊन गेला होता. ज्याच्यावर रागवायचं तो माणूस आधीच चार वर्षं स्वतःवर पहारा देत बसला होता. तरी दुपारची ती बाज, तो धूर तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. न येणाऱ्या वासाची तिला एवढी भीती वाटली नाही, जेवढी ते लपवून ठेवल्याची वाटली. उद्या तिच्या पाठीमागं आणखी काही झालं, आणि फोनवर मामा म्हणाले, निजली. तर ती कशावर विश्वास ठेवणार?

"मी रविकांतला सांगणार नाही," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही सांगायचं. सगळ्यांसमोर. सोमवारच्या आत सांगितलं तर मी कामावर जाईन. नाही सांगितलं, तर येत नाही म्हणून कळवून टाकीन."

मामांनी पट्टी पुन्हा उचलली. तिनं बोळा नेऊन मोरीत टाकला आणि हात दोनदा धुतले.

शनिवारी सकाळी ती उठली तेव्हा मामा कपाटाच्या मागं उकिडवे बसले होते. जळकी नळी खरडून काढली होती आणि ते भोक ओल्या मातीनं लिंपणं चाललं होतं. आतला पत्रा राखेनं घासून लख्ख केलेला. त्यांनी रिकामं कपाट पुन्हा पेटवलं आणि तिला हाक मारली.

"हितं उभी ऱ्हा. काय वास येतो ते सांगत जा."

ती उभी राहिली. पहिल्यांदा ओल्या मातीचा येतोय, ती म्हणाली. मग तापल्या लोखंडाचा. मग अजून किंचित प्लास्टिकचा. मामांनी सगळं थांबवून तळ पुन्हा घासला. तिसऱ्यांदा पेटवलं तेव्हा ती बराच वेळ वास घेत राहिली. मामा तिच्या तोंडाकडं बघत होते, जसं गिऱ्हाईक त्यांच्या तोंडाकडं बघायचं.

"आता फक्त लाकडाचा येतोय," ती म्हणाली. "आणि काहीतरी गुळासारखं."

"चिपाड," मामा म्हणाले. "आता घाला मटण."

पाच किलो मटणाच्या पट्ट्या रात्रीच मीठ-हळदीत मुरवून ठेवल्या होत्या. मामांनी त्या स्टीलच्या सळयांवर एकीला दुसरी शिवणार नाही अशा टांगल्या. दिवसभर, मग रात्रीही ते डब्यातला विस्तव सांभाळत राहिले. दार न उघडता ते पत्र्यावर तळवा ठेवत आणि आतली धग ओळखत. फार तापलं की धुराडं उघडत, निवलं की दोन चिपाडं. घटकाघटकाला ऋतिकाला बोलावत. ती येई, वास घेई, सांगे. सोमवारचा विषय दोघांनीही काढला नाही. ईश्वरीला आज वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसवलं होतं, आणि तिच्याभोवती मामांनी दोरी बांधून हद्द घातली होती.

रविवारी दुपारी सुग्रीवकाका आणि सरजाबाई आले. मंगळवारी त्यांची टोळी निघणार होती. रविकांतला सुट्टी होती. मामांनी ट्यूबची पट्टी सोडली, दार उघडलं, आणि सुग्रीवकाका आत डोकावून म्हणाले, "दादा, हे तर दुकानच घातलं की तू. गार न्हाई तर गरम."

बंद कपाटात धग कोंडल्यामुळं पट्ट्या दीड दिवसातच काळपट तांबड्या, कडक झाल्या होत्या. सरजाबाईंनी एक उतरवून नखानं दाबून पाहिली, वाकवून पाहिली. त्यांनी काही म्हणायच्या आत ऋतिकानं दोन पट्ट्या भिजवून, चेचून, तव्यावर तेल टाकून परतल्या. ताट मध्ये ठेवलं. सगळ्यांनी एकेक तुकडा उचलला. सुग्रीवकाकांनी डोळे मिटून मान हलवली. रविकांत म्हणाला, आणखी आहे का?

सरजाबाई सावकाश चावत होत्या. मग ऋतिकाकडं वळून म्हणाल्या, "त्यांना इचार, सासूबाईच्या हातावाणी झालंय का?"

मामांच्या तोंडात घास होता. सगळे त्यांच्याकडं बघत होते. ऋतिकानं ताटाकडं बघितलं. एका शब्दाचं काम होतं. मामांनी झालंय म्हटलं असतं, तर सगळ्यांनी आणखी एकेक तुकडा उचलला असता, आणि उद्या सकाळी तिनं येत नाही म्हणून प्रयोगशाळेत फोन केला असता.

मामांनी घास गिळला.

"मला न्हाई सांगता येत," ते म्हणाले. "मला वास येत न्हाई, सुग्रीव. चार वरसं झाली. दवाखान्यातून आलो तवापासून."

सुग्रीवकाका आधी हसले. मग भावाचं तोंड बघून थांबले. रविकांत म्हणाला, "काय बोलताय, बापू?"

"खरं बोलतोय. परवा प्लास्टिक जळत होतं, अन् ईश्वरीला धुरात निजवून मी बसलो होतो. ऋतिका आली म्हणून कळलं. दोष माझा हाय." त्यांनी हे सगळं एका सुरात सांगितलं, गिऱ्हाइकाला यंत्रातला बिघाड सांगावा तसं. मग ते वळले. तीस वर्षांत ते ज्या दिशेला कधी तोंड करून बोलले नव्हते, त्या दिशेला. "सरजाबाई, तू सांग. माय गेल्यावर तिच्या हातची चव तुलाच ठाव हाय."

सरजाबाईंनी सवयीनं पदर पुढं ओढला. ऋतिकाकडं पाहिलं, जणू ती आता निरोप नेणार होती. ऋतिका जागची हलली नाही. मग सरजाबाईंनी पदर सोडला. मामांना हाक मारायला त्यांच्याकडं शब्दच नव्हता, तीस वर्षांत लागलाच नव्हता. त्याशिवायच त्या बोलू लागल्या.

"मीठ जरा कमी हाय. पण धूर बरुबर हाय. पहिल्यांदा खारट लागतं, अन् चावाय लागलं की धूर वर येतो. सासूबाईच्या मटणाला शेणीच्या राखंचा वास असायचा, तो ह्याला न्हाई. ह्याला गूळ करताना काहिलीच्या कडंला येतो, तसा वास हाय. करपल्याला न्हाई, आत्ताच काळा पडाय लागल्या गुळाचा. अन् गिळल्यावर नाकात बाभळ ऱ्हाती. सकाळी कोपीतून बाहेर आल्यावर येती, तसली."

मामा डोळे मिटून ऐकत होते. त्या थांबल्या तेव्हा ते म्हणाले, "अजून?"

"अजून हळद," सरजाबाई म्हणाल्या. "कच्ची न्हाई. शिजल्याली."

मामांनी ताटातला दुसरा तुकडा उचलला आणि हळूहळू चावला.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर रविकांत स्वयंपाकघरात आला. त्यानं पाण्याचा तांब्या भरून घेतला. मग म्हणाला, आता असं असेल तर तू एखादं वर्ष थांब.

"मी जाणार आहे," ऋतिका म्हणाली.

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. तुमच्यापाशी ठेवली तरी वाटेल." तिनं परातीतलं पीठ एकवटलं. "पण आता काही झालं तर ते मला खरं सांगतील."

सोमवारी तिनं पहाटे उठून स्वयंपाक केला. ईश्वरी झोपेतच होती. तिच्या कपाळावर ओठ टेकून ती बाहेर आली तर मामा स्वयंपाकघरात वाकलेले दिसले. ते उठले तेव्हा त्यांच्या हातात सिलिंडरचा रेग्युलेटर होता, नळीपासून सोडवलेला. त्यांनी तो पेपरात गुंडाळला आणि तिच्यापुढं धरला.

"हे संगं ने. दुधाला बिजलीची शेगडी हाय, काल रातच्याला नीट केली. सांजच्याला आलीस की लाव."

त्याची काही गरज नाही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. मामांचा हात पुढंच होता. तिनं ते पुडकं घेतलं आणि पर्समध्ये डब्याशेजारी ठेवलं.

गाडीला गर्दी नव्हती. तिला खिडकीजवळ जागा मिळाली. तिकीट तपासनीस आला तेव्हा पास सापडेना. पर्समधलं एकेक काढून तिनं मांडीवर ठेवलं. डबा, पाण्याची बाटली, कागदांची फाइल, पेपराचं पुडकं. पुडकं सुटलं. शेजारी बसलेल्या बाईंनी रेग्युलेटर पाहिला आणि म्हणाल्या, "हे कामून संगं आणलं, बाई? घरी कुणी न्हाई का?"

"आहेत," ऋतिका म्हणाली. "सासरे आहेत. मुलगी त्यांच्यापाशी आहे."

पास फाइलमध्ये होता. तो दाखवून झाल्यावर तिनं रेग्युलेटरभोवती पेपर पुन्हा नीट गुंडाळला, पुडकं पर्सच्या तळाशी ठेवलं आणि चेन लावली.